बाक असू द्यावा

जुन्या फोटोंच्या ढिगातून एखादा प्रिंट उचलून टेबलावर ठेवला, की तो क्वचितच निमूट पडून राहतो. कधी नुसते कोपरे उचललेले, कधी मधोमध खोलगट बाक, तर कधी पार सुरळी. बघणाऱ्याचा तळहात आपसूक पुढे येतो आणि तो दाबून सपाट करू बघतो. मी जुने प्रिंट विकतो, आणि हा पुढे आलेला हात थांबवणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. घरातल्या पेट्या रिकाम्या करून फोटो आणून देणाऱ्यांचा हात, विकत घ्यायला आलेल्यांचा हात, आणि विक्रीसाठी फोटोचा फोटो काढताना तो जरा नीटनेटका दिसावा असं वाटतं तेव्हा माझा स्वतःचाही.

बाक काढता येतो. आज नाही तर पुढच्या वर्षी, माझ्याकडून नाही तर माझ्याहून जाणत्या कुणाकडून. भेग मात्र एकदा पडली की पडली. तळहाताच्या एका दाबाने चेहऱ्यावरून, डोळ्यांमधून, साडीच्या काठावरून आडवी रेघ जाते, आणि तिच्यातून खालचा पांढरा थर दिसायला लागतो. ती रेघ रंगवून लपवता येते, बुजवता येत नाही. तरीही बाजारात सपाट प्रिंट पटकन विकला जातो, म्हणून विकणाऱ्यांना सपाट करण्याची घाई असते. त्या घाईविरुद्ध मला बोलायचं आहे.

हा बाक येतो कुठून, ते आधी बघू. विसाव्या शतकातला नेहमीचा कृष्णधवल प्रिंट घ्या, ज्याला डार्करूममधले लोक सरसकट ब्रोमाइड म्हणत. तळाशी कागद. त्यावर बॅरायटाचा पांढराशुभ्र थर, म्हणजे जिलेटिनमध्ये कालवलेलं बेरियम सल्फेट. त्याच्यावर पुन्हा जिलेटिन आणि त्यात रुतलेले चांदीचे अतिसूक्ष्म कण. आपण ज्याला चित्र म्हणतो ते एवढंच. सगळ्यात वर ओरखड्यांपासून राखणारा आणखी एक जिलेटिनचा पापुद्रा. कागद आणि जिलेटिन दोघेही हवेतला ओलावा घेतात आणि सोडतात, पण दोघांचं प्रमाण वेगळं. एकाच जुवाला जुंपलेल्या दोन बैलांपैकी एकाने जास्त ओढ घ्यावी, तसं होतं. हवा कोरडी झाली की जिलेटिन कागदापेक्षा जास्त आकसतं आणि अख्ख्या प्रिंटला चित्राच्या बाजूला ओढून घेतं. म्हणून बहुतेक जुने प्रिंट चित्र आत घेऊन वळतात. दमट हवेत तोच प्रिंट सैलावतो, काही वेळा उलट्या बाजूलाही झुकतो.

शिवाय तो सहसा एकाच दिशेने वळतो, यालाही कारण आहे. यंत्रावर कागद तयार होताना त्याचे तंतू बहुतांशी एका दिशेला पडतात. ओलावा मिळाला की तंतू लांबीत फारसा वाढत नाही, जाडीत फुगतो. ओलावा गेला की जाडीतच आकसतो. त्यामुळे कागद तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त हलतो, आणि सुरळीचा अक्ष तंतूंना समांतर राहतो. प्रिंट कुठल्या बाजूने उघडायला राजी नाही, हे हातात घेतल्या घेतल्या कळतं ते यामुळेच.

हे एकदा समजलं की बाकाकडे बघायची नजर बदलते. पातळ, सिंगल वेट कागदावरचा प्रिंट डबल वेटपेक्षा जोरात वळणार. वर्तमानपत्रांसाठी आणि वृत्तसंस्थांसाठी घाईघाईने काढलेले प्रिंट तर विशेष वळतात. ओला प्रिंट चकचकीत धातूच्या पत्र्यावर चित्राच्या बाजूने चिकटवून, तापवून वाळवायचा म्हणजे त्याला आरशासारखी झळाळी येते. या ग्लेझिंगमध्ये तो झटपट आणि कडकडीत वाळतो. असा कडक चकचकीत प्रिंट, मागे शिक्के, टाइप केलेल्या मजकुराची चिकटवलेली चिठ्ठी, आणि मेणाच्या पेन्सिलीने दाखवलेली काटछाट, हे सगळं एकत्र दिसलं की तो कुठल्या टेबलावरून कुठल्या टेबलावर फिरला असेल त्याचा अंदाज येतो. १९६० च्या दशकाच्या शेवटापासून दोन्ही बाजूंनी पॉलिएथिलीन चढवलेला रेझिन-कोटेड कागद आला, आणि तो पुष्कळसा सपाट राहतो. पूर्ण सपाट, प्लास्टिकसारख्या पाठीचा प्रिंट कुणी १९३० चा म्हणून दाखवला तर मी तिथेच थांबतो.

एकोणिसाव्या शतकातले अल्ब्युमेन प्रिंट वेगळ्या जातीचे. लुई देझिरे ब्लांकार-एव्रार यांनी १८५० मध्ये ही पद्धत मांडली: पातळ कागदावर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा मिठासह थर, त्यावर सिल्व्हर नायट्रेट, आणि मग निगेटिव्हखाली उन्हात छपाई. कागद इतका पातळ की सुटा ठेवला तर घट्ट वळून बसायचा. म्हणून छायाचित्रकार तो जाड पुठ्ठ्यावर डकवत. फ्रेंच छायाचित्रकार दिस्देरी यांनी १८५४ मध्ये पेटंट घेतलेलं छोटं फोटो-कार्ड ‘कार्त द व्हिजिट’ असो की नंतरचं मोठं कॅबिनेट कार्ड, त्यांच्या पुठ्ठ्याच्या मागे हीसुद्धा एक गरज होती. पण पुष्कळसे पुठ्ठे हलक्या, आम्लधर्मी लगद्याचे निघाले. ते पिवळे पडले, बिस्किटासारखे ठिसूळ झाले, आणि आता पुठ्ठा वाकवायला गेलात तर पुठ्ठ्याबरोबर चित्रही मोडतं.

याच घराण्यातली एक गोष्ट नव्या विक्रेत्यांना मी आवर्जून सांगतो. स्टिरिओ कार्ड, म्हणजे दोन जवळजवळ सारखी चित्रं शेजारी डकवलेलं आणि दुर्बिणीसारख्या यंत्रातून बघायचं कार्ड, १८८० च्या आसपासपासून मुद्दाम बाक देऊन बनवलं जाऊ लागलं. तो बाक कारखान्यातला आहे. त्याने कार्ड ताठ राहतं. ते वजनाखाली ठेवून सपाट करणारे लोक मी पाहिले आहेत, आणि प्रत्येक वेळी पुठ्ठ्याच्या थरांची फाळणी होऊन वरचं चित्र सुरकुतलेलं पाहिलं आहे. त्या कार्डाला दुखणं काहीच नव्हतं.

आता सपाट करण्याच्या प्रचलित रीती. मागून इस्त्री फिरवणं. टेबलाच्या कडेवरून प्रिंट उलट्या दिशेने ओढणं. कपड्याने पाठ ओली करून जाड पुस्तकांखाली दाबणं. यातल्या काही रीती डार्करूममधूनच आल्या आहेत. छायाचित्रकार स्वतःचा कालच काढलेला प्रिंट टेबलाच्या कडेवरून ओढत असत, तापत्या प्रेसमध्ये सपाट करत असत, आणि ताज्या जिलेटिनला ते सोसतही असे. सत्तर-ऐंशी वर्षं कोरड्या कपाटात काढलेल्या जिलेटिनला ते सोसत नाही. कडेवरून ओढलेला प्रिंट समोरून ठीक दिसेल. बत्ती अगदी बाजूला, टेबलाच्या पातळीवर धरून बघा, म्हणजे समांतर केसांएवढ्या भेगांची शिडीच दिसते. पाठ ओली केली तर शिक्क्याची शाई पसरते, आणि जिथे पाण्याचा थेंब चित्राच्या बाजूला पोचतो तिथे कायमचा चकचकीत डाग बसतो.

योग्य रीत संथ आहे. प्रिंटला पाणी लावायचं नाही, ओलसर हवा द्यायची. झाकणाची मोठी पसरट पेटी घ्यावी. तळाशी शुद्ध पाण्याने भिजवून निथळलेले टीपकागद. त्यांच्यापासून अंतर राखून प्लास्टिकची जाळी, जाळीवर न विणलेल्या पॉलिएस्टरचं पातळ कापड, आणि त्यावर प्रिंट, चित्र वर करून. झाकण किंचित तिरपं, म्हणजे त्यावर जमलेलं पाणी प्रिंटवर न टपकता कडेला ओघळेल. संवर्धनाच्या प्रयोगशाळांत ओला टीपकागद आणि प्रिंट यांच्यामध्ये गोर-टेक्ससारखा पडदा ठेवतात; त्यातून वाफ जाते, पाणी जात नाही. मग वाट बघायची. कधी तासाभरात, कधी कित्येक तासांनी प्रिंट स्वतःहून उलगडायला लागतो. त्याला हात लावून घाई करायची नाही, पण त्याला एकटं सोडूनही जायचं नाही, कारण जास्त ओलावा मिळालेलं जिलेटिन चिकट होतं.

प्रिंट सैल झाला, पण ओला झाला नाही, अशा घडीला तो बाहेर काढायचा. वर-खाली तेच पॉलिएस्टरचं कापड, त्याच्या बाहेर गुळगुळीत कोरडे टीपकागद, त्यावर सपाट फळी आणि वजन. मऊ झालेलं जिलेटिन ज्याला टेकेल त्याचा ठसा घेतं, म्हणून जाडाभरडा टीपकागद थेट चित्रावर टेकवायचा नाही. सुरुवातीला टीपकागद लवकर बदलायचे, पुढे सावकाश. दोन दिवसांनी प्रिंट सपाट वाटतो; तेव्हा काढला तर तो पुन्हा वळतो. काही आठवडे दाबाखाली राहू द्यावा. आणि त्यानंतरही जर तो कोरड्याठक्क खोलीत गेला तर आपल्या मूळ वळणावर येईल, कारण जिलेटिनचा स्वभाव आपण बदललेला नसतो, त्याच्याशी तात्पुरती तडजोड केलेली असते.

बाक थोडाच असेल तर मी पेटीही वापरत नाही. मध्यम ओलाव्याच्या खोलीत, स्वच्छ कागदांच्या मध्ये, हलक्या वजनाखाली प्रिंट ठेवून विसरून जातो. विक्री थांबते, थांबू दे.

आणि काही प्रिंट या पेटीत अजिबात जाऊ नयेत. हाताने रंगवलेले. ब्रशने डाग बुजवलेले किंवा चेहऱ्यावर रिटचिंग केलेले. मागे विरघळणाऱ्या शाईचे शिक्के किंवा डकवलेल्या चिठ्ठ्या असलेले. थर पापुद्र्यांनी सुटत असलेले. बुरशी लागलेले. ग्लेझिंगची झळाळी जपायची आहे असे. अल्ब्युमेन प्रिंटही नाही. त्याच्या पृष्ठभागावर आधीच बारीक तड्यांचं जाळं असतं आणि ओलाव्याने ते आणखी उघडतं. असा प्रिंट मी कागदांच्या संवर्धकाकडे पाठवतो, किंवा त्याला आहे तसाच वळलेला विकतो. दुसरा पर्याय मला बहुतेक वेळा अधिक बरा वाटतो. पुढचा मालक कदाचित माझ्याहून सबुरीचा असेल, त्याच्याकडे साधनं चांगली असतील. त्याच्यासाठी निवड शिल्लक ठेवणं माझ्या हातात आहे.

सगळ्यात जास्त कसोटी लागते ती लांबलचक पॅनोरमांची. १९०४ मध्ये पेटंट मिळालेला सर्कट कॅमेरा तिवईवर दातेरी चक्राने हळूहळू फिरत असे, आणि तो फिरत असताना आतली फिल्म एका अरुंद फटीसमोरून सरकत असे. शाळेचे सगळे वर्ग, पलटणीतले जवान, अधिवेशनाला जमलेली मंडळी अर्धवर्तुळात उभी राहत, आणि चित्रात मात्र सरळ रांगेत दिसत. निगेटिव्ह जेवढी मोठी तेवढाच प्रिंट, निगेटिव्ह थेट कागदावर टेकवून छापलेला, कित्येक फूट लांब. एवढी लांब चौकट कोण करणार? म्हणून ते सुरळी करून ठेवले गेले आणि पिढ्यान्‌पिढ्या सुरळीतच राहिले. आतलं जिलेटिन त्याच वळणाला टणक झालं.

अशी सुरळी हातात आली की आत कोण आहे हे बघण्याची मला अनावर ओढ लागते. शेकडो चेहरे असू शकतात, आणि निगेटिव्ह आज बहुधा कुठेच नाही. त्या माणसांपैकी कितीतरी जणांचं हे एकमेव चित्र असेल. पण दोन्ही हातांनी ताणून ती उघडली तर चेहऱ्यांवरूनच उभे तडे जातात, दर दोन-तीन बोटांवर एक. म्हणून सुरळी जेवढी स्वतःहून उघडते तेवढीच बघायची, बाहेरच्या कडेचे चार चेहरे, कोपऱ्यात निगेटिव्हवर लिहिलेलं गावाचं नाव किंवा साल असेल तर ते. तेवढ्याचाच फोटो काढून मी विक्रीला लावतो आणि स्पष्ट लिहितो: पूर्ण उघडलेला नाही, आत काय आहे ते विक्रेत्याने पाहिलेलं नाही, भेगा असण्याची शक्यता आहे. उघडून दाखवा, मग घेतो, असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी नकार देतो. आत चांगलं निघालं तर किंमत वाढेल हे खरं, पण उघडण्यासाठी मोडावं लागलं तर आतलं चांगलं उरतच नाही.

वर्णन लिहिण्याबद्दल माझी मतं ठाम आहेत. ‘थोडा वळलेला’ या शब्दांतून काहीच कळत नाही. प्रिंट चित्र वर करून टेबलावर ठेवावा, सगळ्यात उंच कोपरा टेबलापासून किती मिलिमीटर उचललेला आहे ते मोजून लिहावं. कागद सिंगल वेट की डबल, बाक कुठल्या कडेला समांतर, भेगा आहेत का, चंदेरी झाक (चित्रातली चांदी पृष्ठभागावर येऊन दिसणारी चमक) आहे का, तेही लिहावं. फोटो निदान चार हवेत: समोरून, मागून, टेबलाच्या पातळीवरून बाक दाखवणारा, आणि तिरप्या उजेडातला. तिरप्या उजेडातला फोटो प्रिंटच्या सगळ्या खोडी दाखवतो, आणि नेमका म्हणूनच तो बहुतेक ठिकाणी नसतो. वळलेला प्रिंट स्कॅनरच्या काचेवर ठेवून झाकण दाबणं ही माझ्या दृष्टीने इस्त्रीइतकीच वाईट सवय. वरून कॅमेरा, दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांवर दोन बत्त्या. कडा किंचित धूसर आल्या तरी चालतील.

मागची बाजू दाखवण्याचा आग्रह नुसत्या शिक्क्यांसाठी नाही. निगेटिव्ह तयार झाली त्याच सुमारास, छायाचित्रकाराच्या हातून किंवा देखरेखीखाली निघालेला प्रिंट आणि त्याच निगेटिव्हवरून पुढे काढलेला प्रिंट यांच्या मोलात मोठा फरक असतो, आणि तो फरक बऱ्याचदा कागदच सांगतो. अमेरिकी छायाचित्रकार लुइस हाइन १९४० मध्ये वारले. त्यांच्या नावाचे, त्यांच्या हयातीतले म्हणून विकले गेलेले काही प्रिंट १९९० च्या दशकाच्या अखेरीस वादात सापडले, कारण त्यांच्या कागदात अतिनील प्रकाशात उजळणारी ब्राइटनर द्रव्यं आढळली, आणि फोटोच्या कागदात ती १९५० च्या दशकात आली. ड्राय माउंटिंग करून, म्हणजे उष्णतेने वितळणाऱ्या चिकट कागदाने प्रिंट पुठ्ठ्यावर कायमचा बसवून, बाक घालवला तर ही पाठच झाकली जाते. शिक्का, पेन्सिलीने लिहिलेलं नाव, कागदावरची कंपनीची छपाई, सगळं आत. सपाट, देखणा, आणि मुका प्रिंट. छायाचित्रकाराने स्वतःच तसं बसवलेलं असेल तर ती त्याची निवड, ती सोडवायला जाऊ नये. आपण ते आज करायचं नाही.

साठवणीचं थोडक्यात. सापेक्ष आर्द्रता तीस ते पन्नास टक्के, आणि मुख्य म्हणजे स्थिर. तिसाच्या खाली जिलेटिन ठिसूळ होतं, पासष्टच्या वर बुरशीला आवतण मिळतं. खोली थंड आणि अंधारी. पीव्हीसीची पाकिटं नकोत. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन चालतं. कागद आणि पुठ्ठे फोटोग्राफिक अ‍ॅक्टिव्हिटी टेस्टमधून पार झालेले घ्यावेत. साठवणीचा कागद फोटोला इजा करतो का हे बघणारी ही चाचणी आयएसओ १८९१६ या मानकात आहे, आणि नुसतं ‘आम्लमुक्त’ लिहिलेलं त्याच्या बरोबरीचं नाही. चौकटीत लावणार असाल तर चित्र काचेला टेकता कामा नये, दमट दिवसांत जिलेटिन काचेला चिकटतं आणि ते सुटं करणं फार अवघड जातं.

पाठवतानाही बाकाचा मान राखावा लागतो. जवळजवळ सपाट प्रिंट दोन ताठ पुठ्ठ्यांच्या मध्ये जातो. पुठ्ठे प्रिंटहून सगळीकडून दोन-तीन सेंटिमीटर मोठे, त्यांच्या पन्हळी एकमेकींना काटकोनात, आणि प्रिंट कागदी कोपऱ्यांत धरलेला, टेपने नव्हे. पण खरोखर वळलेला प्रिंट दोन पुठ्ठ्यांत आवळला तर प्रवासात पेटीवर पडणारं प्रत्येक ओझं त्याच्या बाकावर येतं. त्याला उथळ पेटी हवी, बाकाच्या पोकळीत हलक्या हाताने भरलेला मऊ टिश्यू हवा, आणि वर प्रिंटला न टेकणारं झाकण हवं. पॅनोरमाची सुरळी जेवढी सैल आहे तेवढ्याच व्यासाच्या, किंवा थोड्या मोठ्या, कडक नळीत. नळीत मावावी म्हणून ती आणखी घट्ट करायची नाही.

घेणाऱ्यांपैकी काही जण विचारतात, तुम्हीच सपाट करून का नाही पाठवत? मी त्यांना वरचं सगळं सांगतो. काही तिथेच सोडून जातात. जे थांबतात ते मग स्वतः विचारायला लागतात: आमच्याकडची हवा कोरडी आहे, मग? टीपकागद कसला घेऊ? शिक्का निळा आहे, तो पसरेल का? अशा माणसाच्या हाती प्रिंट सोपवताना मला खरोखर आनंद होतो. पेटीत एक चिठ्ठी असतेच: प्रिंट दाबू नका, हात धुऊन, कोरडे करून दोन्ही हातांनी कडांना धरा, आणि पेटी आली त्याच दिवशी उघडू नका. थंडीतून उबदार खोलीत आलेल्या पेटीत दव धरू शकतं, तेव्हा एक दिवस ती तशीच, बंद, खोलीत राहू द्या, मग उघडा, आणि पहिल्या आठवड्यात कोपरे थोडे हलले तर घाबरून मला लिहू नका, हलले नाहीत तरी नको. तो तुमच्या खोलीच्या हवेशी जुळवून घेतोय.